जुनी गाडी, अनोळखी माणूस आणि पिशवीतली रोकड

पाचशेच्या नोटांची तीन पूर्ण बंडलं आणि चौथ्यातल्या 60 नोटा. 1 लाख 80 हजार रुपये एवढेच दिसतात. कापडी पिशवीच्या तळाशी ती बंडलं, वर टॉवेल, त्यावर जेवणाचा डबा, असं घेऊन मी स्वारगेटहून फलटणची एसटी पकडली. पिशवी मांडीवर आणि तिचे बंद मनगटाला गुंडाळलेले. दिवेघाटात शेजारच्या माणसानं खिडकी लावायला सांगितली, तर तीही मी एका हातानं लावली.

फलटणच्या पुढे एका वाडीत गोठ्याला लागून 1961 सालची फियाट 1100 उभी होती. आपण जिला डुक्कर फियाट म्हणतो ती. पुढची दारं उलटी उघडणारी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर, टपावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. मी रॉकेलच्या फडक्यानं चासी नंबर पुसून काढला, आरसी बुकाशी ताडून बघितला. जुळला. तेवढ्यावर मी खूश झालो. आरसी बुकावर नाव होतं विकणाऱ्या काकांच्या थोरल्या भावाचं, आणि तो भाऊ वारून अकरा वर्षं झाली होती. काकांनी ट्रंकेतून मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30 काढून दाखवले, त्यावर भावाची सही होती म्हणे. मी चेकचा विषय काढला तर म्हणाले, "चेक-बिक नगं पाव्हणं. बँक तालुक्याला, अन् वटंल का न्हाई कोण बघायला जातंय." मी पिशवी उपडी केली. त्यांनी थुंकी लावून दोनदा मोजले. चहा झाला, टेम्पो आला, गाडी पुण्याला आली.

आठ महिन्यांनी थोरल्या भावाच्या मुलीचा फोन आला. गाडी तिच्या वडिलांची, काकांनी परस्पर कशी विकली, असा तिचा प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता. काकांचं म्हणणं आलं की 40 हजार इसार म्हणून घेतले होते, व्यवहार पुरा झालाच नव्हता. माझ्याकडे दाखवायला काय होतं? बँकेतून पैसे काढल्याची नोंद होती, ते कुणाला दिले याची नव्हती. गाडी तीन वर्षं माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिली. सगळ्या वारसांना एकत्र बसवून, आणखी 90 हजार देऊन, वारसाच्या नावे करण्याचा फॉर्म 31 आधी भरून घेऊन मग ती माझ्या नावावर झाली. ते 90 हजार मात्र बँकेतून गेले.

काका लबाड होते असं मला आजही वाटत नाही. घरात वाटण्यांचा ताण होता, पुतणीनं जाब विचारला आणि त्यांच्या मनानं सोयीची रक्कम धरली. रोख पैशात हे सोपं जातं. माणूस ठरवून खोटं बोलतोच असं नाही, पण त्याच्या आठवणीला धरून ठेवणारं काही नसतं. त्या व्यवहारात माझं पैशाचं जेवढं नुकसान झालं त्याहून जास्त त्या घरातल्या नात्यांचं झालं, आणि त्याला माझी पिशवीही कारण होती. म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या वस्तूवर नंबर ठोकलेला आहे, म्हणजे गाडी, चासी, इंजिन, तिचे पैसे रोख देऊ नयेत आणि घेऊही नयेत. ज्यावर नंबर नाही, म्हणजे हेडलाइटची रिम, हबकॅप, डायनॅमो, दाराची मूठ, त्यासाठी रोखीला नावं ठेवू नयेत. आणि दोन्हीकडे, वस्तू डोळ्यांनी बघून हाताला लागायच्या आत अनोळखी माणसाला पैसे पाठवू नयेत, मग ते नोटा असोत की फोनवरचे. आपल्या शौकीन मंडळींत हे नेमकं उलटं चालतं. गाडीचे लाखो रुपये पिशवीतून देतात, आणि कधी न पाहिलेल्या माणसाला कार्बोरेटरसाठी फोनवरून आगाऊ पाठवतात.

गाडीचं आधी बोलू. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात रोख का टिकून राहिली, याची कारणं खरी आहेत. विकणारा बहुधा साठी-सत्तरीचा असतो. त्यानं आयुष्यात कधी ना कधी न वटलेला चेक बघितलेला असतो, आणि त्यासाठी कोर्टात खेटे घालणाऱ्या कुणाला तरी ओळखत असतो. आता त्यात फोनवरची भीती आली आहे. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून माल उचलून नेणारे आहेत. त्याहून वाईट म्हणजे, कुणीतरी फसवणुकीतले पैसे तुमच्या खात्यात टाकतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठतं. तुम्ही बिचाऱ्यानं नुसती स्कूटर विकलेली असते. असं झालेला एक निवृत्त शिक्षक मी जवळून बघितला आहे. पेन्शन त्याच खात्यात यायची. अशा माणसाला "रोख घेऊ नका" म्हणून उपदेश करणाऱ्यानं आधी त्याची ही भीती नीट ऐकून घ्यायला हवी.

पण या भीतीचं उत्तर रोकड नाही. विकत घेणाऱ्यानं स्वतःच्याच खात्यातून पैसे द्यावेत, करारावर जे नाव तेच खात्यावर असावं, मेहुण्याच्या किंवा मित्राच्या खात्यातून नको. करारावर दोघांचे पॅन लिहावेत. एवढं असलं तर उद्या कुणी विचारलंच, तर विकणाऱ्याकडे पैसा कशाचा आणि कुणाचा याचं लेखी उत्तर असतं. पूर्वी बँकेतून पैसे पाठवताना फक्त खाते क्रमांक बघितला जायचा, नाव काहीही टाकलं तरी पैसे जायचे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानं एनईएफटी आणि आरटीजीएस करताना समोरच्याचं बँकेतलं नाव दिसण्याची सोय 2025 मध्ये आली. ही छोटी सोय आपल्यासारख्यांसाठी फार मोठी आहे. वाडीतल्या काकांच्या नावावर पाठवताना आरसी बुकावरचं नाव वेगळंच आहे हे त्या एका ओळीनं मला थांबवून दाखवलं असतं.

कायद्याचं म्हणाल तर 1 एप्रिल 2017 पासून आयकर कायद्यानं 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला बंदी घातली. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एका व्यवहारापोटी, असा त्याचा हिशेब आहे. म्हणजे 3 लाखांची गाडी दीड-दीड लाख करून दोन दिवसांत घेतली तरी व्यवहार एकच. दंड होतो तो पैसे घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा. दंड घेणाऱ्याला आहे म्हणून देणारा निर्धास्त असतो, आणि तिथून पुढचा खेळ सुरू होतो. कागदावर 1 लाख 90 हजार लिहायचे, वरचे हातात द्यायचे.

हा वरचा पैसा का लागतो, असं मी विकणाऱ्यांना विचारत आलोय. उत्तर ठरलेलं. "टॅक्स लागेल ना." आता घरात वापरलेली मोटार ही आयकराच्या दृष्टीनं वैयक्तिक वापराची वस्तू, आणि अशी वस्तू विकून चार पैसे जास्त आले तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. वडिलांनी घेतलेली, घरानं वापरलेली फियाट विकणाऱ्या बहुतेकांना भ्यायचं कारणच नसतं. न लागणाऱ्या करासाठी ते स्वतःचा कागद खराब करून घेतात.

बहुतेकांना म्हणतोय, सगळ्यांना नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा 2023 मधला एक निकाल प्रत्येक जुन्या गाडीवाल्यानं माहीत करून घ्यावा असा आहे. गाडी 1931 ची फोर्ड टूरर. मालकानं 1983 मध्ये 20 हजारांना घेतली, पुढे 21 लाखांना विकली आणि वैयक्तिक वस्तू म्हणून करातून सूट मागितली. न्यायालयानं ती दिली नाही. गाडी वापरता येण्यासारखी असणं वेगळं आणि मालकानं ती खरोखर वापरणं वेगळं, आणि वापरल्याचा पुरावा नव्हता. त्या निकालाचा आपल्यासाठी अर्थ असा की पेट्रोलची पावती, विम्याचा हप्ता, मिस्त्रीचं बिल, टायरचं बिल, हे सगळं उद्याच्या सुटीचा आधार आहे. जो माणूस सगळं रोखीनं आणि बिनपावतीनं करतो त्याच्याकडे गाडी खरंच स्वतः चालवली हे सांगायला काही उरत नाही. कर चुकवायला म्हणून धरलेली सवय कर लावून जाते.

याच्या जोडीला नावाचा प्रश्न. मोटार वाहन कायद्यात विकणाऱ्यानं 14 दिवसांत आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. जुन्या गाडीत हे वर्षानुवर्षं होत नाही. सह्या केलेले कोरे फॉर्म गाडीबरोबर फिरत राहतात, चौथा-पाचवा मालक येतो आणि पुस्तकावर पहिल्याचंच नाव असतं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशाच एका खटल्यात सांगितलं की अपघाताची भरपाई ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्यावरच येते, गाडी पुढे किती हातांत गेली याला महत्त्व नाही. म्हणजे गाडी विकून रोख पैसे घेऊन घरी शांत झोपलेला माणूस दहा वर्षांनी कुठल्यातरी अपघाताच्या दाव्यात प्रतिवादी होऊ शकतो. बँकेतून पैसे घेणाऱ्याला निदान विक्रीची तारीख तरी दाखवता येते. रोखीनं घेणारा गाडी कधी आणि कुणाला विकली हेही विसरलेला असतो.

रोख आणि कोरे फॉर्म ही जोडगोळी आहे. एक आलं की दुसरं येतं. समोरच्याला कागदावर माग नको असतो म्हणून तो रोख मागतो, आणि माग नसला की नाव बदलायची घाई कुणालाच नसते. यातूनच आपल्या धंद्यातला तो जुना प्रकार टिकून आहे, पुस्तक एका गाडीचं, सांगाडा दुसरीचा आणि चासीची पट्टी खिळे बदलून बसवलेली. अशी गाडी घेणाऱ्याचं दुःख मी बघितलं आहे. दोन वर्षं रंग, पत्रा, गादी, क्रोम असं सगळं पोटच्या पोरासारखं केलेलं असतं आणि आरटीओचा इन्स्पेक्टर ठोकलेल्या नंबरावरून बोट फिरवून मान हलवतो. विकणाऱ्याकडे मालकी नव्हती तर घेणाऱ्याकडेही येत नाही, हा 1930 च्या मालविक्री कायद्याचा नियम आहे. तुम्ही किती प्रामाणिक होतात आणि किती पैसे मोजलेत यानं त्यात फरक पडत नाही.

आणि पिशवी घेऊन जाण्यातला जिवाचा धोका वेगळाच. स्वस्तात सोनं देतो म्हणून माळावर बोलावून लुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. जुनी दुर्मीळ गाडी हे त्याच जातीचं आमिष आहे. फोटो सुंदर, भाव निम्मा, मालक गावाबाहेरच्या शेडवर, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय, रोख घेऊनच या." शौकीन माणूस हरखलेला असतो, तो जातो. माझ्या पिशवीचं त्या दिवशी काही झालं नाही हे माझं नशीब. परत येताना टेम्पोत बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की माझ्या घरी कुणालाच मी नेमका कुठे गेलोय ते माहीत नव्हतं.

आता सुट्या भागांकडे येतो, कारण इथे माझा सूर वेगळा आहे.

पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअरची दुकानं ओळीनं आहेत. मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुनं पितळ, दिवे आणि गाड्यांचे भाग शेजारी शेजारी मांडलेले असतात. या जागा नसत्या तर महाराष्ट्रातल्या अर्ध्या जुन्या गाड्या आज रस्त्यावर दिसल्या नसत्या. कारखाने बंद झाले, एजन्सीचे जुने माल भंगारात गेले, आणि ते वेचून, ओळखून, पुसून ज्यांनी ठेवले ते हे लोक. त्यांच्याकडे बिलबुक नाही. त्यांच्यातल्या कित्येकांना लिहिता येत नाही, पण हातात घेतलेलं डिस्ट्रिब्युटरचं टोपण फियाटचं की स्टँडर्ड हेराल्डचं हे ते न बघता सांगतात.

एका रविवारी सकाळी आठच्या सुमारास मी पुण्याच्या जुन्या बाजारात लॅम्ब्रेटा स्कूटरच्या हेडलाइटची रिम शोधत होतो. एका चाचांनी गोणपाटावर मांडलेल्या ढिगातून एक रिम काढली, सदऱ्याला घासली आणि माझ्यापुढे उलटी धरली. म्हणाले, "आतून बघा साहेब. बाहेरून सगळेच चमकतात." आतल्या कडेला जुन्या क्रोमखाली तांब्याचा थर दिसत होता, खरचटलं होतं तिथे लालसर. नव्या नकली मालाला तो थर नसतो, पत्र्यावर थेट पातळ मुलामा असतो आणि पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. 600 सांगितले, 450 ला दिली. मी रोख दिले. मी कुणाचा कर बुडवला नाही, त्यानं कुणाला फसवलं नाही. वस्तू माझ्या हातात होती, माणूस समोर होता आणि पुढच्या रविवारी तो त्याच दगडाशेजारी बसणार होता. ओळख अशीच वाढते.

या माणसांना सगळं फोनवर घ्या, सगळ्याचं बिल द्या म्हणणं मला पटत नाही. आता क्यूआर कोडची पाटी जुन्या बाजारातही दिसते, ज्याला सोयीचं तो ठेवतो, चांगलंच आहे. पण जुलै 2025 मध्ये बेंगळुरूत काय झालं ते आठवा. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि कित्येकांनी पाट्या काढून "फक्त रोख" लिहिलं. ज्याचा सगळा माल एका गोणपाटावर मावतो त्याला हिशेबनिसाची भाषा येत नाही. त्याला घाबरवून बाजारातून उठवलं तर तो रिमचा ढीग सरळ भट्टीत जाईल.

तरी इथेही एक रेघ ओढावी लागते आणि ती मी आधीच सांगितली, नंबरची. इंजिन हा सुटा भाग नाही. भंगारवाला इंजिन किलोवर विकतो म्हणून ते आपल्याला स्पेअरसारखं वाटतं, पण त्यावर नंबर आहे आणि तो कुणाच्या तरी आरसी बुकात लिहिलेला आहे. गाडीत दुसरं इंजिन बसवलं तर आरटीओत नोंद करावी लागते आणि त्यासाठी ते कुठून आलं याचा कागद लागतो. रोखीनं, बिनपावतीचं उचललेलं इंजिन कितीही गोड चाललं तरी ते गाडीला कायमचं अडकवून ठेवतं. चोरीचं निघालं तर त्याहून वाईट. चोरीचा माल घेण्याचं पूर्वीचं 411 कलम आता भारतीय न्याय संहितेत 317 आहे, आणि त्यात तुम्हाला माहीत होतं का, एवढाच प्रश्न विचारला जात नाही. माहीत असायला सबळ कारण होतं का, असंही विचारतात. निम्मा भाव, नंबरावर घासल्याच्या खुणा, पावती नाही आणि पैसे रोख, यापलीकडे आणखी कोणतं कारण हवं?

राहिला आगाऊ पैशांचा प्रकार, ज्यात आज आपले सगळ्यात जास्त लोक पोळतात. जाहिरातीत येझदीचा किंवा चेतकचा फोटो असतो. समोरचा सांगतो, मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी कॅन्टीनच्या ट्रान्सपोर्टला टाकली, फक्त वाहतुकीचे पाच हजार पाठवा, आवडली नाही तर परत. ओळखपत्राचा फोटोही येतो. मग जीएसटीचे, मग इन्शुरन्सचे, मग "परत मिळणारे" डिपॉझिट. भागांच्या बाबतीत तेच लहान रकमेत होतं. न वापरलेला सोलेक्स कार्बोरेटर, जुना कंपनी पॅक, निम्मे आधी. इथे नोटांचा संबंधच नाही. सगळं बँकेतून जातं, सगळ्याची नोंद असते, आणि तरी पैसे गेलेले असतात. खातं तिसऱ्याच कुणाचं तरी निघतं आणि रक्कम मिनिटांत पुढे गेलेली असते. असं झालंच तर लाजत बसू नका, त्याच तासात सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकाला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

म्हणून "डिजिटल म्हणजे सुरक्षित" ही जाहिरातीतली घोषणा मला अर्धवट वाटते. नोंद ही भांडणात कामाला येते. समोरचा माणूसच खरा नसेल तर भांडायचं कुणाशी? आधी माणूस खरा आहे का, मग वस्तू खरी आहे का, मग कागद खरा आहे का, आणि या तिन्हींनंतर पैसे. कसे द्यायचे हा प्रश्न शेवटचा आहे, आपण तो पहिला करतो.

यात सगळा भार घेणाऱ्या-विकणाऱ्यावर टाकून सरकारनं मोकळं होऊ नये. 2021 च्या जुलैत केंद्रानं 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' लिहिलेली पाटी, नव्या नोंदणीला 20 हजार आणि पुढे नूतनीकरणाला 5 हजार शुल्क, मुदत 10 वर्षं. चांगली गोष्ट झाली. पण या दारापर्यंत पोचायला कागद सरळ हवा, आणि आपल्याकडच्या तीन अक्षरी नंबरांच्या, एमएचके-बीएमवाय काळातल्या कित्येक गाड्या आरटीओच्या संगणकात नाहीतच. त्यांची नोंद जाड रजिस्टरात आहे, रजिस्टर कपाटात आहे आणि कपाटाला पाण्याची ओल आहे. अशी जुनी नोंद संगणकात चढवण्याला आरटीओत बॅकलॉग एंट्री म्हणतात. ती करून घेणं म्हणजे एजंट, फेऱ्या आणि महिने. ज्या गाडीचा मालक कोण हे घरबसल्या दिसतच नाही, त्या गाडीचा व्यवहार अंधारातच होणार. परिवहन खात्यानं जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं लावून ही जुनी रजिस्टरं संगणकात घातली तर त्यानं रोखीचे जेवढे व्यवहार थांबतील तेवढे दंडाच्या भीतीनं थांबणार नाहीत. चोरीच्या गाड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची 'वाहन समन्वय' ही सेवा आहे, चासी आणि इंजिन नंबर टाकून बघता येतं. आपल्या क्लबांनी रॅलीच्या आधी पॉलिशच्या गप्पा मारतो तशा याच्याही माराव्यात, नव्या पोरांना ते करून दाखवावं.

मी हल्ली व्यवहार विकणाऱ्याच्या बँकेत करतो. आधी गाडी बघतो, मुक्कामाला परत येतो, एक रात्र जाऊ देतो. मग विकणारा, मी आणि दोघांचे एकेक साक्षीदार त्याच्याच शाखेत भेटतो. 500 च्या स्टॅम्प पेपरवर गाडीचा नंबर, चासी, इंजिन, पूर्ण रक्कम, वेळसुद्धा लिहितो, कारण नाव बदलायचं बाकी असलं तरी आमच्या दोघांत त्या वेळेनंतरच्या अपघाताची जबाबदारी माझी. फॉर्म तिथेच भरतो, कोरा एकही ठेवत नाही. आणि पैसे तिथून पाठवतो. समोरच्याला हट्टानं रोखच हवी असेल तर मी म्हणतो, माझ्या खात्यातून तुमच्या खात्यात येऊ द्या आणि मग तुमचे तुम्ही काढा, यंत्रावर मोजून घ्या. याला आजवर एकानंच नकार दिला. ती गाडी मी सोडली. जीव तुटला, हिरवी होती, पण सोडली.

मागच्या हिवाळ्यात सांगलीला 1966 ची फियाट घेतली. विकणाऱ्या आजी 80 च्या पुढच्या. आजोबा गेल्यावर गाडी रीतसर त्यांच्या नावावर झालेली होती, मुलगा परदेशात. बँकेत आम्ही बाकावर शेजारी बसलो होतो. माझ्या फोनवर पैसे गेल्याचं आलं, त्यांच्या फोनवर जमा झाल्याचं आलं, तरी त्या म्हणाल्या, "फोनचं मला सांगू नको बाळा, पासबुकात छापून येऊ दे." काउंटरवरच्या मुलीनं पासबुक यंत्रात सरकवलं. आजींनी चष्मा वर-खाली करत आकडा वाचला, माझं नाव वाचलं, आणि मग पिशवीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

डब्यात विम्याच्या पावत्या होत्या, पेट्रोल पंपाच्या चिठ्ठ्या रबराला लावून वर्षावार बांधलेल्या होत्या, एक जुना स्पार्क प्लग कागदात गुंडाळलेला होता. सगळ्यात खाली गाडी ताब्यात घेतल्याचा कागद होता, 1966 चा, घड्यांवर फाटलेला. आजींनी तो स्वतः उलगडला. तारखेखाली आजोबांची सही होती आणि सहीखाली, त्याच शाईत, त्यांनी स्वतःच्या हातानं चासी नंबर लिहून ठेवला होता.